बॉक्सिंगची जोड कशी वाचायची: कोण भारी ते नंतर, आधी अंतर बघा

आमच्या ग्रुपमध्ये मोठी फाइट आली की एक जण हमखास शिडी लावतो. ह्याने त्याला हरवलंय, त्याने तिसऱ्याला हरवलंय, म्हणजे हा तिसऱ्याला झोपवणारच, विषय संपला, लाव मिसळीची पैज. मी पण आधी तेच करायचो आणि लोकांना भरपूर मिसळ खायला घातलीये. मग जुन्या फाइट्स नीट बसून बघायला लागलो तेव्हा कळलं की गडबड शिडीतच आहे.

तर आधी ती शिडी मोडू. ८ मार्च १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, जो फ्रेझरने मोहम्मद अलीला १५ राउंड लढून पॉइंटवर हरवलं, शेवटच्या राउंडला लेफ्ट हुक (कोपर वाकवून बाजूने आडवा येणारा डावा ठोसा) मारून खाली पण पाडलं. २२ जानेवारी १९७३, जमैकातलं किंग्स्टन, जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं. लावा आता शिडी, अलीचा तर चुराच व्हायला पाहिजे ना? ३० ऑक्टोबर १९७४, झाईरमधलं (म्हणजे आताच्या काँगोतलं) किन्शासा, आठव्या राउंडला फोरमन आडवा आणि अली उभा. ह्यात केन नॉर्टनला पण घाला. त्याने मार्च १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडला आणि फाइट जिंकली, नंतरच्या दोन फाइट अलीने जिंकल्या पण कशाबशा, तिन्ही मिळून ३९ राउंड झाले आणि अलीला नॉर्टन कधी नीट उलगडलाच नाही. आणि ह्याच नॉर्टनला फोरमनने १९७४ मध्ये कराकासला दोन राउंडमध्ये गुंडाळला.

जत्रेतल्या कुस्त्या बघितलेल्या माणसाला ह्यात काही नवल वाटणार नाही. तिथे शब्दच आहे, जोड. जोड कशी लागली त्यावर अर्धी कुस्ती ठरते. उंच, ताठ उभा राहणारा पैलवान आणि समोर पटात घुसणारा बुटका, वस्ताद लगेच सांगतो काय होणार ते. तो कोण भारी हे बघतच नाही, कोणाचा डाव कोणाला लागतो हे बघतो. बॉक्सिंगमध्ये पण तेच करायचंय, फक्त डाव म्हणजे ठोसे आणि पाय.

स्टाइलची नावं पटकन सांगून टाकतो, कारण ती सगळीकडे ऐकू येतात. आउटबॉक्सर म्हणजे लांबून जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) मारणारा, पाय सतत हलते, तरुणपणीचा अली. स्वॉर्मर म्हणजे खाली वाकून डोकं हलवत आत घुसणारा आणि छातीला छाती लावून मारत राहणारा, फ्रेझर, माइक टायसन. स्लगर म्हणजे ठोसे कमी पण एकेक घणासारखा, फोरमन. काउंटरपंचर म्हणजे तुम्ही मारलं की त्याच क्षणाला तुमच्या उघड्या जागेत मारणारा, हुआन मॅन्युएल मार्केझ. ह्यावरून लोक स्टोन-पेपर-सिझर करतात, स्वॉर्मर आउटबॉक्सरला हरवतो, आउटबॉक्सर स्लगरला, स्लगर स्वॉर्मरला. वरचे निकाल बघा, बसतं की बरोबर. पण नुसतं पाठ केलं तर पुढच्याच पैजेला तोंडावर पडाल, कारण नावाने काही होत नाही, आत जे घडतं त्याने होतं. ते बघायचं कसं ते सांगतो.

पहिली गोष्ट अंतर. फाइटच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा, ही फाइट किती अंतरावर होणार आणि ते अंतर ठरवणार कोण. रिंगमध्ये ढोबळमानाने तीन अंतरं धरा. एक, जिथून कोणाचाच ठोसा पोचत नाही. दोन, जिथून लांब हाताचा जॅब आणि सरळ उजवा पोचतो पण छोट्या हाताचं काही पोचत नाही. तीन, अगदी जवळ, जिथे लांब हात उलट अडचण होतात आणि छोटे हुक, अपरकट (खालून वर हनुवटीकडे जाणारा ठोसा) चालतात. प्रत्येक बॉक्सरचं ह्यातलं एक घर असतं. दोघांची घरं वेगवेगळी असली की फाइट म्हणजे एकमेकाला आपल्या घरात ओढायची मारामारी, आणि दोघांचं घर एकच असलं की मग जो त्या घरात जास्त ताकदवान तो जिंकतो, सोपं.

फ्रेझर आणि फोरमनचं हेच झालं. फ्रेझर सहा फुटाला थोडा कमी, फोरमन सहा फूट तीन इंच. फ्रेझरचा धंदाच सरळ पुढे चालत यायचा, वाकत, डुलत, डोकं खाली ठेवून. अलीसमोर हे भारी चालायचं कारण अली मागे सरकायचा आणि फ्रेझर जागा खात खात त्याला दोरांना लावायचा. फोरमन मागे सरकतच नाही. तो उभा राहिला, फ्रेझर आत आला की दोन्ही हातांनी खांद्याला धरून सरळ मागे ढकलायचा, म्हणजे फ्रेझर नेमका त्या मधल्या अंतरावर यायचा जिथे त्याचा हुक पोचत नाही आणि फोरमनचा सगळा दारूगोळा पोचतो. वर फ्रेझरचं डोकं खाली, म्हणजे अपरकटला आमंत्रणच. पहिल्या राउंडला तीनदा, दुसऱ्याला तीनदा. ही फाइट पाच-सहा मिनिटांत बघून होते, शिकायला हिच्यापासूनच सुरुवात करा, आणि फोरमनचे ठोसे बघू नका, त्याचे ढकलणारे तळहात बघा. १९७६ ला दोघं परत भेटले तेव्हा फ्रेझरने जरा सावध खेळून बघितलं, पाचव्या राउंडला संपलं. जोड तीच, निकाल तोच.

दुसरी गोष्ट, सवय आणि तिचं औषध. कितीही मोठा बॉक्सर असू दे, त्याची एकदोन खोड असतेच, आणि बऱ्याचदा तो मोठा झालेला असतो तो त्या खोडीमुळेच. अलीची खोड म्हणजे हात खाली ठेवायचा आणि ठोसा आला की डोकं सरळ मागे घ्यायचा. पुस्तकात हे चूक आहे, पण त्याची नजर आणि पाय इतके फास्ट होते की बहुतेकांचा ठोसा नाकासमोरून जायचा. आता बघायचं असं की समोरच्याकडे ह्या खोडीचं औषध आहे का. सरळ ठोशाला मागे झुकून चुकवता येतं, पण आडव्या येणाऱ्या लेफ्ट हुकला मागे झुकलात की तो झुकलेल्या जबड्यावरच येतो. आणि फ्रेझरकडे काय होतं तर जगातला बहुतेक सगळ्यात भारी लेफ्ट हुक. (लहानपणी डुक्कर मागे लागलं म्हणून पळताना पडून त्याचा डावा हात मोडला होता आणि तो परत पूर्ण सरळ झालाच नाही असं तो सांगायचा, म्हणजे हात हुकसाठी आधीच वाकवून दिलेला.) एडी फच नावाचा ट्रेनर होता फ्रेझरच्या कॉर्नरला (राउंडच्या मधे बॉक्सरला सांभाळणारी, सल्ला देणारी माणसं म्हणजे कॉर्नर). त्याने हेरलं होतं की अली अपरकट मारायला उजवा हात खाली नेतो तेव्हा त्याची ती बाजू उघडी पडते, तेव्हा हुक सोडायचा. १५ व्या राउंडचा तो हुक असा आभाळातून नव्हता पडला, त्यावर घरचा अभ्यास झालेला होता.

आणि मजा बघा, नॉर्टनचा ट्रेनर पण फचच. पण नॉर्टन काय फ्रेझर नाही, त्याला आत घुसून हुक मारायला लावला असता तर फाइट गेली असती. त्याला फचने वेगळं औषध दिलं, अली जॅब मारेल तेव्हाच तू जॅब मार. अलीचा जॅब नॉर्टनच्या वर धरलेल्या उजव्या हातावर अडकायचा आणि त्याच वेळी नॉर्टनचा जॅब अलीच्या तोंडावर. म्हणजे ज्या हत्याराने अली सगळ्यांना लांब ठेवायचा तेच बंद पडलं. मला विचाराल तर स्टाइलचा सगळा धडा ह्या एका गोष्टीत आहे, एकच माणूस, दोन प्रतिस्पर्धी, दोन वेगळी औषधं, डॉक्टर मात्र एक.

म्हणून फाइटच्या आधी दोघांच्या दोन-दोन जुन्या फाइट बघा, आणि जिंकलेल्या नको, हरलेल्या किंवा जेमतेम निभावलेल्या. हायलाइट्स तर अजिबात नको, हायलाइट्समध्ये सगळेच देव असतात. कॉमेंटरी म्यूट करा. पहिल्यांदा फक्त पाय बघा, दुसऱ्यांदा फक्त मारणाऱ्या हाताच्या उलटा हात बघा, म्हणजे जॅब मारताना उजवा कुठे जातो, उजवा मारताना डावा खाली पडतो का, मारून झाल्यावर हात गालाशी परत येतो की कमरेवरून फिरून येतो. कागदावर एक ओळ लिहा: ह्याचं काय उघडं पडतं. समोरच्याच्या कागदावर: ह्याचा सगळ्यात भरवशाचा ठोसा कोणता. दोन ओळी जुळल्या की तुम्हाला जोड कळली.

आता किन्शासा. वरच्या दोन्ही नियमांनी बघितलं तर फोरमन जिंकायला हवा होता. ४० पैकी ४० जिंकलेला, त्यातले ३७ नॉकआउट, वय २५. अली ३२ चा, पाय आधीसारखे राहिले नव्हते. अंतर कोण ठरवणार, तर फोरमन, कारण तो रिंग छान कापायचा. रिंग कापणं म्हणजे समोरच्याच्या मागे मागे न फिरता तो जाणार त्या बाजूला तिरकं पाऊल टाकून वाट अडवायची. हा शब्द लक्षात ठेवा, कारण आउटबॉक्सर विरुद्ध कोणीही असलं की सगळा खेळ ह्यावरच असतो. जो मागे मागे फिरतो तो दमतो आणि हरतो, जो वाट कापतो तो पकडतो.

अलीला पहिल्या राउंडलाच कळलं असणार की असं नाचत १५ राउंड निघणार नाहीत. पहिल्या राउंडला त्याने जॅब न मारता थेट उजवा मारला, परत परत. हे रिस्की असतं कारण उजव्याला लांबून यावं लागतं, पण फोरमनचे ठोसे बाहेरून मोठा गोल घेऊन यायचे आणि सरळ रेषा गोलापेक्षा आधी पोचते. मग दुसऱ्या राउंडपासून तो स्वतःहून दोरांवर जाऊन टेकला. सगळ्यांना वाटलं संपलं. पण दोर सैल होते, तो कमरेतून मागे झुकायचा (बघा, तीच जुनी खोड, पण इथे मागे जायला जागा होती आणि फोरमनकडे फ्रेझरसारखा आखूड हुक नव्हता), डोकं हातांच्या मागे, ठोसे दंडावर आणि कोपरावर. आणि क्लिंचमध्ये, म्हणजे मिठी मारून अडकलेले असताना, फोरमनची मान खाली दाबून त्याच्यावर स्वतःचं वजन टाकायचा. स्लगरचा हिशोब असतो की दोन-तीन राउंडमध्ये काम होतंच. त्याआधीच्या तीन फाइट फोरमनने दोन राउंडच्या आत संपवलेल्या, पाचव्या-सहाव्या राउंडला फुफ्फुसं कशी वागतात हे त्याला बऱ्याच दिवसांत बघायलाच लागलं नव्हतं. त्यात झाईरची गरमी. सातव्यापर्यंत हात शिशाचे झाले होते.

म्हणून तिसरा प्रश्न: दोघांपैकी कोणाला फाइट लांबलेली चालते. जड ठोसेवाल्याच्या मागच्या पाच फाइट किती राउंड चालल्या ते बघा, सगळ्या झटपट संपलेल्या असतील तर लोक त्याला प्लस पॉइंट धरतात, मी निम्मा मायनस धरतो. १९७७ ला प्यूर्तो रिकोमध्ये जिमी यंगने फोरमनला १२ राउंडमध्ये पॉइंटवर हरवलं. यंगकडे फारसा पंच पण नव्हता, नुसता चकवत राहिला, चुकवत राहिला, शेवटच्या राउंडला पाडलं पण. त्यानंतर फोरमन सरळ रिटायर झाला, दहा वर्षं रिंगमध्ये आला नाही.

इथे एक मोठा खड्डा आहे. स्टाइल काही आधार कार्डावर छापलेली नसते, ती बदलता येते. २० जून १९८०, माँट्रिअल, शुगर रे लेनर्डने रॉबेर्तो डुरानशी डुरानच्याच घरात, म्हणजे जवळून, मारामारी केली आणि पॉइंटवर हरला. लेनर्ड फास्ट, पाय भारी, तरी गेला कशाला तिकडे? डुरानने आधीपासून शिव्या घालून त्याला पेटवला होता, आणि पेटलेला माणूस अंतर विसरतो. पाच महिन्यांनी न्यू ऑर्लिन्सला तोच लेनर्ड गोल गोल फिरला, चिडवलं, हात हवेत फिरवून भलतीकडून जॅब मारला, आणि आठव्या राउंडला डुरानने वैतागून पाठ फिरवली. माणसं तीच, बदललं ते फक्त अंतर. पुढच्या वर्षी लेनर्ड विरुद्ध टॉमी हर्न्स तर अजब, हर्न्स खरा जड ठोसेवाला पण सहा फूट एक इंच उंची आणि लांबलचक हात, त्यामुळे मधल्या राउंडमध्ये तोच लांबून बॉक्सिंग करत बसला आणि बॉक्सर लेनर्डला त्याच्या मागे लागावं लागलं. तिन्ही जजच्या कार्डावर हर्न्स पुढे होता, लेनर्डने १४ व्याला थांबवला. आणि ह्याच हर्न्सने १९८४ ला डुरानला दोन राउंडमध्ये झोपवलं. डुरानने लेनर्डला, लेनर्डने हर्न्सला, हर्न्सने डुरानला. परत शिडीचं वाटोळं.

त्यामुळे नुसतं बॉक्सरकडे बघू नका, त्याच्या कॉर्नरला कोण आहे ते पण बघा. टायसनचं उदाहरण सगळ्यांना माहितीये पण लोक त्याला चमत्कार म्हणतात. ११ फेब्रुवारी १९९०, टोकियो, बस्टर डग्लस. टायसन पाच फूट दहा इंच, त्याला जगायचं तर डोकं हलवत, जॅबच्या खालून आत जायलाच लागणार, दुसरा रस्ता नाही. ते डोकं हलवणं ज्याने घोटून घेतलं होतं त्या केव्हिन रूनीला त्याने १९८८ मध्येच काढून टाकलं होतं. डग्लस सहा फूट साडेतीन इंच, लांब जॅब, जॅबच्या मागे लगेच उजवा, आणि टायसन आत आलाच तर मिठी मारायची. टायसन त्या दिवशी सरळ चालत आला, एकेक ठोसा मारायला, डोकं जागेवर. आठव्याला त्याने डग्लसला पाडला खरा, पण दहाव्याला स्वतः गेला. पैजवाल्यांना काही दिसलं नाही कारण ते नाव बघत होते.

डावखुऱ्यांचं थोडक्यात. साउथपॉ, म्हणजे उजवा पाय आणि हात पुढे ठेवणारा डावखुरा, समोर असला की दोघांचे पुढचे पाय एकमेकांसमोर येतात आणि पुढचे हात एकमेकांत अडकतात, त्यामुळे जॅब कमी चालतो आणि मागच्या हाताचा सरळ ठोसा जास्त. नियम एकच, ज्याचा पुढचा पाय बाहेरच्या बाजूला त्याच्या मागच्या हाताला मोकळी लाइन. डावखुरा मॅनी पॅकियाओ उड्या मारत कोनातून यायचा आणि डावा सोडायचा, रिकी हॅटनसारखा सरळ पुढे येणारा माणूस २००९ ला दोन राउंडमध्ये गेला. पण मार्केझ थांबायचा. २००४ ला पहिल्याच राउंडला तीनदा पडला आणि तरी फाइट ड्रॉ केली, कारण उड्या मारणाऱ्याला खाली पण यावं लागतं आणि कुठे येणार हे त्याला दिसायला लागलं होतं. चार फाइट, ४२ राउंड, आणि डिसेंबर २०१२ ला सहाव्या राउंडच्या शेवटी पॅकियाओ आत आला आणि थेट मार्केझच्या उजव्यावरच येऊन आदळला.

नियम पण स्टाइलच्या बाजूने किंवा विरोधात असतात. रेफरी मिठी लगेच सोडवतो का चालवून घेतो हे बघा. १९७४ च्या दुसऱ्या फाइटला अलीने फ्रेझरची मान धरून धरून त्याला आत कामच करू दिलं नाही, कडक रेफरी असता तर वेगळी फाइट झाली असती. राउंड किती आहेत? ऑलिम्पिकसारख्या छोट्या फाइटमध्ये स्वॉर्मरला समोरच्याला दमवायला वेळच मिळत नाही. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मेरी कोमची सेमी निकोला ॲडम्सशी होती, ६-११ हरली. मेरीचं नेहमीचं वजन ४८ किलो, पण तेव्हा ऑलिम्पिकमध्ये बायकांसाठी सगळ्यात खालचा गट ५१ चा होता. समोर जास्त उंच, लांब हाताची, पायाने फास्ट मुलगी, लांबून मारून निघून जाणारी, आणि दोन-दोन मिनिटांचे चारच राउंड. अंतर आधीच तिकडे गेलेलं, मेरीने आत जायचं कधी आणि काम करायचं कधी.

फाइट सुरू झाली की पहिले दोन राउंड गुण मोजू नका, नुसतं बघा रिंगच्या मध्यभागी कोण उभंय आणि मागे सरकणारा स्वतःहून सरकतोय की सरकवला जातोय. दोन्हीत फरक आहे. स्वतःहून सरकणारा मारून सरकतो, सरकवला जाणारा आधी सरकतो. मग जॅब बघा, लांब हातवाल्याने जॅब कमी केला की समजा त्याला जवळचं काहीतरी लागलंय. तिसऱ्या-चौथ्याला अंगावर मारलेले ठोसे मोजा, डोक्यावरचे नाही, अंगावरचे आठव्या राउंडला वसूल होतात. भारतात वेगासची मोठी फाइट रविवारी सकाळीच येते, चहा-पोहे घेऊन एवढं आरामात जमतं.

बघायचा क्रम देऊन ठेवतो. आधी फोरमन-फ्रेझर १९७३, मग अली-फ्रेझर १९७१ चे शेवटचे पाच राउंड, मग अली-नॉर्टन पहिली, मग किन्शासा पूर्ण, मग फोरमन-यंग. आणि शेवटी फोरमनचीच एक, ५ नोव्हेंबर १९९४, लास वेगास, वय ४५, अंगात किन्शासाचीच लाल चड्डी, कॉर्नरला अँजेलो डंडी, जो २० वर्षांपूर्वी अलीच्या कॉर्नरला होता. समोर २६ वर्षांचा साउथपॉ मायकेल मूरर, आणि तो आरामात पुढे आहे, त्याचा कॉर्नर सांगतोय की समोर थांबू नकोस. दहाव्या राउंडला फोरमनचा सरळ उजवा जातो. तो ठोसा यायच्या आधीची दोन मिनिटं परत परत लावा आणि मूररचा पुढचा पाय कुठे आहे ते बघा.